पाणी : एका शब्दाचा मागोवा

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असताना आम्ही फळ्यावर 'सार्वजनिक पाणवठे' असे शीर्षक लिहिले आणि एका विद्यार्थ्यास परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगितले. त्याने 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचला. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. वाचणारा मुलगा थांबला, त्याने कसाबसा परिच्छेद संपविला आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

ते हसणे आमच्या ओळखीचे होते. पस्तीसेक वर्षांपूर्वी बाभुळगाव सोडून आम्ही पदवीच्या शिक्षणासाठी एका मोठ्या शहरात गेलो. तेथील एका प्राध्यापकांनी भर वर्गात आमचे वाक्य मध्येच तोडून म्हटले होते, "पानी नव्हे, पाणी. आधी शुद्ध बोलायला शिका." वर्ग हसला. आम्ही त्यानंतर कित्येक महिने वर्गात बोललोच नाही. 'पाणी' हा शब्द तोंडी येईल असे वाक्यच आम्ही टाळीत असू. तहान लागली तर खूण करीत असू. आज हे सांगताना हसू येते, त्या वेळी येत नव्हते.

निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हे दोन्ही प्रसंग मनात होते. म्हणून एखादा मोठा विषय न घेता, दिवसातून वीस वेळा आपल्या तोंडी येणाऱ्या या एकाच शब्दाचा मागोवा घ्यावा असे ठरविले. विद्यार्थ्यांनी तो पाठ म्हणून वाचावा. शिक्षक-पालकांनी वाचला तर आनंदच आहे.

प्रथम 'न' आणि 'ण' यांचा निवाडा करू. आपला शब्द ज्यापासून आला तो संस्कृत शब्द 'पानीय' असा आहे. पाली भाषेतही तो 'पानीय' असाच आहे. दोन्हीकडे दंत्य 'न' आहे, मूर्धन्य 'ण' नाही. पुढे प्राकृतात, विशेषतः महाराष्ट्री प्राकृतात, शब्दामधला 'न' बदलून 'ण' झाला आणि 'पाणिअ' असे रूप आले. त्यावरून मराठी व गुजराती 'पाणी' आणि पंजाबीतील 'पाणी' ही रूपे निघाली. हिंदी, नेपाळी यांनी 'पानी' म्हटले. म्हणजे ज्या 'ण'ला शुद्धतेचे प्रमाणपत्र मिळाले आहे, तो मुळात प्राकृत बोलणाऱ्या सामान्य लोकांनी केलेला बदल आहे. एके काळी संस्कृत पंडितांना तोच 'ण' अपभ्रष्ट वाटत असणार.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने प्रामाणिक राहिले पाहिजे. वऱ्हाडी 'पानी' हे थेट पालीच्या काळापासून जसेच्या तसे टिकून राहिले, असा दावा आम्ही करणार नाही. आपल्या बोलीत 'ण'चा 'न' सर्वत्रच होतो : लोणी 'लोनी' होते, कोण 'कोन' होतो. म्हणजे जीभ पुन्हा एकदा वळली आणि योगायोगाने जुन्या जागी येऊन पोचली. परंतु एवढे निश्चित की 'पानी' म्हणणारा मुलगा काही बिघडवीत नाही. प्रमाण लेखनात 'पाणी' लिहावे, परीक्षेत तेच बरोबर धरले जाईल. बोलताना मात्र कोणी हसला तर त्याला 'पानीय' हा शब्द फळ्यावर लिहून दाखवावा. आम्ही त्या दिवशी तेच केले.

आता 'पानीय' या शब्दाची फोड पाहू. 'पा' म्हणजे पिणे हा धातू, आणि '-अनीय' हा प्रत्यय. हा प्रत्यय योग्यता सांगतो. 'वंदनीय' म्हणजे वंदन करण्यास योग्य, 'माननीय' म्हणजे मान देण्यास योग्य, तसे 'पानीय' म्हणजे पिण्यास योग्य. याचा अर्थ, पाणी हे मुळात त्या पदार्थाचे नाव नव्हतेच. ते विशेषण होते. नदी, तळे, पाऊस, विहीर यांतले जे पिता येते ते पानीय. पुढे विशेषणाचे नाम झाले आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यालाही आपण पाणीच म्हणू लागलो. व्याकरणाने पिण्याची योग्यता पाण्याच्या ठायी ठेवली. पिणाऱ्याच्या योग्यतेविषयी हा प्रत्यय एक अक्षर बोलत नाही. तो प्रश्न समाजाने नंतर घुसविला. त्याकडे आपण येऊच.

'पा' या धातूचे गोत मोठे आहे. मराठीत पिणे, पाजणे, पेय, प्राशन यांपैकी पहिले तीन त्याच घरातले आहेत. (चौथा नाही. 'प्राशन' हा 'अश्' म्हणजे खाणे या धातूपासून आला आहे. परीक्षेत हा प्रश्न विचारला की बहुतेक जण फसतात.) लॅटिनमध्ये पिण्यासाठी 'बिबेरे' हे क्रियापद आहे, ते संस्कृतमधील 'पिबति'चे भावंड होय. उन्हाळ्यात बसस्थानकाजवळ लागणारी पाणपोई घ्या. तिच्यातील 'पोई' हा भाग संस्कृत 'प्रपा', पाली 'पपा' या शब्दाशी जोडला जातो. 'प्रपा' म्हणजे वाटसरूंना पाणी पाजण्याचे ठिकाण. त्यात 'पा' धातू आहेच. म्हणजे 'पाणपोई' या एका शब्दात आपण पिणे दोनदा म्हणतो. विदर्भाच्या मे महिन्यात ते दोनदा म्हणणे अनाठायी नाही.

पाण्याला संस्कृतात दुसराही एक फार जुना शब्द आहे : उदक. याची सोयरीक पाहिली म्हणजे विद्यार्थी थक्क होतात. ग्रीक 'हुदोर', रशियन 'वदा', जर्मन 'वासर', इंग्रजी 'वॉटर' हे सगळे एकाच मूळ शब्दाचे फाटे आहेत. विज्ञानाच्या पुस्तकातील 'हायड्रोजन' म्हणजे पाणी उत्पन्न करणारा. हिंदीत त्यास 'उद्जन' असा प्रतिशब्द आहे आणि तो नुसता भाषांतरित शब्द नाही, दोन्ही अर्धे खरोखरच नात्यातले आहेत. 'समुद्र' या शब्दातही तेच 'उद' लपले आहे. आपल्याकडे उदक हा शब्द पूजापाठात, दानधर्मात उरला. पण गोव्यात जाऊन पाहा, कोंकणी घरात पाहुण्याला प्यायला देतात ते 'उदक'च. एका भाषेत जो पोथीतला शब्द, तो शेजारच्या भाषेत चुलीजवळचा असतो. म्हणून कोणता शब्द भारदस्त आणि कोणता गावंढळ हे शब्दाच्या अंगी नसते.

येथे एक सावधगिरी हवी. भाषांचे नाते सापडले की लगेच वंशाचे नाते जोडण्याची घाई युरोपातील व आपल्याकडील कित्येक विद्वानांनी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात आर्य वंशाच्या सिद्धान्ताची चिकित्सा करून तो नाकारला. शब्द माणसाबरोबर जसे प्रवास करतात तसे माणसावाचूनही करतात. बाजारातून, लग्नातून, गुलामीतून, धम्मप्रचारातून ते दुसऱ्याच्या तोंडी जातात.

प्रवासाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडलेले रोमा लोक इराण, आर्मेनिया, बाल्कन ओलांडून युरोपभर पसरले. त्यांना तेथे गावकुसाबाहेर ठेवले गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी लाखोंच्या संख्येने मारले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात. दुसरीकडे श्रीलंकेत, सिंहली भाषेत रोजच्या पाण्याला 'वतुर' म्हणतात, परंतु भिक्खूंना वा बुद्धमूर्तीसमोर अर्पण करावयाचे पाणी असेल तर 'पॅन्'. हा 'पॅन्' म्हणजे आपला पानीयच. बंगालमध्ये तर या शब्दावर धर्माची रेघ ओढली गेली आहे. हिंदू बंगाली बहुधा 'जोल' म्हणतात, मुसलमान बंगाली 'पानि'. 'जल' आणि 'पानीय' दोन्ही संस्कृतातलेच. तरी कोणी कोणता शब्द उच्चारला यावरून माणूस ओळखला जातो.

फारसीत पाणी म्हणजे 'आब'. तो संस्कृत 'अप्'चा भाऊ. पाच नद्यांचा पंजाब, दोन नद्यांमधला दोआब, फुलाचे पाणी म्हणून गुलाब. मोत्याला 'आब' आहे असे म्हणतो तेव्हा आपण त्याचे 'पाणी' असेही म्हणू शकतो, दोन्हींत तेजाचा अर्थ एकच. काही जण 'शराब' या शब्दातही हा 'आब' शोधतात आणि 'वाईट पाणी' असा अर्थ सांगतात. व्यसनमुक्तीच्या भाषणाला तो सोयीचा आहे, पण खरा नाही. 'शराब' अरबी आहे, पिणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि आपले निरुपद्रवी 'सरबत' त्याचेच सख्खे भावंड आहे.

दक्षिणेकडील भाषांत पाणी म्हणजे 'नीर'. तमिळ, कन्नड, तेलुगू यांत थोड्याफार फरकाने हाच शब्द आहे. संस्कृतातील 'नीर' हा द्राविड भाषांतून घेतलेला आहे असे अनेक भाषाभ्यासक मानतात. पाकिस्तानातील बलुचिस्तानात बोलल्या जाणाऱ्या ब्राहुई भाषेत 'दीर' म्हणतात, तोही त्याच कुळातला. इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. त्या कुळाचे लोक आपल्या जिल्ह्यातच आहेत, आपल्या वसतिगृहाच्या जेवणाच्या पंगतीत आहेत. त्यांच्याविषयी शेवटी लिहितो.

आता इतिहास. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात, जो मूळ तोपरा येथे होता व फिरोजशाह तुघलकाने दिल्लीस आणविला, रस्त्यांच्या कडेला विहिरी खोदविल्याचा उल्लेख आहे. तेथे विहिरीसाठी 'उदुपान' हा शब्द आहे : उदक जेथे प्यावयास मिळते ते. त्याच लेखात जागोजागी 'आपान' केल्याचे सांगितले आहे, म्हणजे पाणी पिण्याची ठिकाणे. ती कोणासाठी, तर 'पसुमुनिसानं', पशू आणि मनुष्य यांच्यासाठी. तेवीसशे वर्षांपूर्वी कोरलेल्या या सामासिक शब्दात पशू आणि मनुष्य यांच्या मध्ये तिसरा वर्ग नाही.

महाराष्ट्रातील लेण्यांतही पाणी लिहिलेले आहे. भाजे, कान्हेरी येथे खडकात खोदलेल्या टाक्यांना शिलालेखात 'पोढी' म्हटले आहे. भाजे येथील एका पोढीचा दाता महारठी विण्हुदत्त होता. कान्हेरी येथील पाण्याच्या पोढीचे एक दान कल्याणच्या सुवर्णकाराचे आहे. महारठी आणि सोनार, दोघांनाही संघासाठी पाणी साठवावेसे वाटले. कान्हेरीस सहल नेली तर मुलांना मोठ्या चैत्यगृहाइतकाच वेळ या टाक्यांपाशी द्यावा. पावसाचे पाणी उतारावरून पन्हाळीने टाक्यात नेण्याची रचना अजून दिसते.

बौद्ध संस्कृत साहित्यातील शार्दूलकर्णावदानाची कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. भिक्खू आनंद विहिरीपाशी प्रकृती नावाच्या मुलीकडे पाणी मागतो. ती सांगते, मी मातंगाची मुलगी आहे. आनंद उत्तर देतो की मी तुझे कुळ वा जात विचारली नाही, पाणी मागितले. रवींद्रनाथ टागोरांनी याच कथेवरून १९३३ साली 'चंडालिका' हे नाटक लिहिले. आम्हास या कथेत सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की जात आधी बोलते कोण? पाणी देणारी. मागणाऱ्याला तहान आहे, देणारीला भीती. मुलीच्या तोंडी ते वाक्य कोणी घातले, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.

आणखी एक कथा, कारण तिच्यात आपल्या नळाचा पूर्वज सापडतो. 'नळ' म्हणजे मुळात बोरूसारखे पोकळ वेत किंवा कांडे. पालीतही तो शब्द 'नळ' असाच आहे. नळपान जातकात वानरांचा कळप एका तळ्याशी येतो. त्यांचा राजा असलेला बोधिसत्त्व काठ पाहतो, तर तळ्यात उतरणारी पावले दिसतात, परत येणारी एकही दिसत नाही. आत जलराक्षस आहे. जो उतरेल त्याला खाण्याचा त्याला अधिकार आहे. मग वानर काठावर बसून पोकळ नळांनी पाणी ओढून पितात आणि राक्षस पाहतच राहतो. मुलांना ही कथा फार आवडते. एका मुलीने मात्र विचारले, "सर, राक्षसाला तळ्यातून काढलं का नाही?" जातक त्या बाबतीत गप्प आहे. युक्तीने तहान भागते, तळे राक्षसाचेच राहते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे जे घडले ते या प्रश्नाचे उत्तर म्हणून शिकवावे असे आम्हास वाटते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले, म्हणजे सीताराम केशव बोले, यांचा ठराव संमत झाला होता की सरकारी वा सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे अस्पृश्यांना वापरू द्यावेत. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केले, ते कागदावर. तीन वर्षे कागद कोरडा राहिला. २० मार्चला बाबासाहेब पायऱ्या उतरून चवदार तळ्यापाशी गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यांच्या मागोमाग हजारो लोक प्याले. नळाने नाही, काठावर बसून नाही, उतरून. त्यानंतर परिषदेच्या लोकांना मारहाण झाली आणि पुढे तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. 'शुद्ध' हा शब्द आमच्या प्राध्यापकांनी वापरला तेव्हा त्यांना हे स्मरत नसावे. आम्हास स्मरत होते.

तळ्यावर खासगी मालकी सांगणारा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. त्याआधी जवळजवळ सात दशके, १८६८ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद खुला केला होता. आणि पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द आले. इतक्या मोठ्या ग्रंथात हे साधे शब्द कसे आले, असे ज्यांना वाटेल त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावे. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्या मुलाला पाणी मिळत नसे, शिपाई नसला तर पाणी नाही. गोरेगावला वडिलांकडे जाताना शिदोरी जवळ असून पाण्यावाचून ती खाता आली नाही.

'ओंजळ' या शब्दाशी थोडे थांबू. तो आला 'अंजली'वरून. पाली 'अञ्जलि'. दोन्ही हात जोडून वंदन करणे म्हणजे अंजलिकर्म, आपण विहारात रोज करतो ते. त्याच दोन हातांचा द्रोण केला की ओंजळ. आमची आजी सांगे की तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर चढता येत नसे. गुंड खाली ठेवून उभे राहायचे, पाणी भरणाऱ्या बायांपैकी कोणाला दया आली तर ती वरून ओतायची. शेतात तहान लागली तर ओंजळ पुढे करायची आणि धार वरून पडायची, भांडे हाताला लागू न देता. "अर्धं पानी कोपरावरून वाहून जाये," ती म्हणे. ज्या मुद्रेचे नाव वंदन, तिचीच ती मुद्रा होती, आणि तिला त्यात वंदन दिसत नव्हते. महाडला तीच ओंजळ तळ्यात वरून खाली गेली.

आजीच्या बोलीत पाणी आणखी एका अर्थाने राही. वऱ्हाडात पाऊस म्हणजेच पाणी, आणि तो पुल्लिंगी. 'पाणी आला', 'पाणी पडून राह्यला'. पुस्तकी मराठीत पाणी आले असे होते. आपल्याकडे तो येतो, जसा कोणी वाट पाहिलेला माणूस येतो. कापसाच्या कोरडवाहू शेतीत हे लिंग कोणी सांगून ठरविलेले नाही. आज बेंबळा प्रकल्पाच्या पाटाचे पाणी ज्यांच्या शिवारात पोचले तेथे पाटाचे पाणी 'आले' आणि आभाळाचा पाणी 'आला' असा भेद आम्ही स्वतः ऐकला आहे.

त्या हसण्याच्या दिवसानंतर आम्ही वर्गास एक उपक्रम दिला. वसतिगृहातील प्रत्येकाने आपल्या घरी पाण्याला काय म्हणतात ते एका वहीत लिहावे. बंजारा तांड्यावरच्या मुलांनी 'पाणी' लिहिले. गोंड मुलांनी 'एर' आणि 'येर' अशी दोन रूपे लिहिली व कोणते बरोबर यावर त्यांच्यात वाद झाला. दोन्ही बरोबर, गावागणिक उच्चार बदलतो, असे आम्ही सांगितले. एक लहानगा, पोडावरून आलेला कोलाम मुलगा, लिहावयास तयार होईना. आपल्या घरचा शब्द शाळेच्या वहीत लिहिण्याजोगा नाही असे त्यास वाटत होते. त्यास तमिळ 'नीर', तेलुगू 'नीरु' आणि ब्राहुई 'दीर' हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखविले आणि खाली जागा रिकामी ठेवून खडू त्याच्या हाती दिला.

त्याने लिहिले : ईर.

मागच्या बाकावरचा मुलगा, जो आधी हसला होता, त्याने तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि ऱ्हस्व की दीर्घ, असे त्यालाच विचारले.